पर्स सगळ्यांची सारखी, तरी चषक तिघांकडेच का?

प्रश्न दोन भागांत आहे. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा, म्हणजे पर्स, सारखीच असते, तरी 2008 ते 2025 या 18 मोसमांतली 13 विजेतेपदं मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या तिघांनीच कशी नेली? आणि दुसरं, नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमच्या आसपास राहणाऱ्या, तिकीट काढून सामना बघणाऱ्या माणसाला या पैशाच्या नियमांतून काय मिळतं?

आधी थोडक्यात सांगतो. पर्सचा नियम गुणतक्ता सपाट करतो, आणि ते काम तो बऱ्यापैकी चोख करतो. पण सातत्याने जिंकायला जे लागतं त्यातलं बरंचसं पर्समध्ये मोजलंच जात नाही, म्हणून चषक फिरत राहील याची हमी त्यातून मिळत नाही. प्रेक्षकाचा विचार तर या नियमांत जवळपास कुठेच नाही. तो वेगळा नियम करून आणावा लागतो, आणि आपल्याकडे तो कुणी केलेला नाही.

समतोल मोजायची एक सोपी रीत आहे, कागद-पेन घेऊन घरीही जमते. समजा सगळे संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नुसता टॉस. तरीही मोसमाअखेर सगळ्यांचे गुण सारखे नसतील, नशिबाने थोडं वरखाली होणारच. आयपीएलमध्ये प्रत्येक संघ साखळीत 14 सामने खेळतो आणि विजयाला 2 गुण मिळतात. नुसत्या नशिबाने पडणारा फरक (प्रमाणित विचलन) 14 च्या वर्गमूळाइतका, म्हणजे 3.74 गुण येतो. आता खरा तक्ता घ्या. 2025 मध्ये गुण होते 19, 19, 18, 16, 15, 13, 12, 12, 8, 8. सरासरी 14. प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक काढा, वर्ग करा, बेरजेला 10 ने भागा, वर्गमूळ काढा. उत्तर 3.90. भागिले 3.74, म्हणजे गुणोत्तर 1.04. 2024 च्या तक्त्यात (20, 17, 17, 14, 14, 14, 14, 12, 10, 8) हेच गुणोत्तर 0.89 भरतं. 1 च्या जवळ म्हणजे तक्ता टॉसने ठरल्यासारखा सपाट.

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलला हीच पट्टी लावू. 2023-24 मध्ये विजयाला 2 आणि बरोबरीला 1 असे गुण धरले तर 20 संघांचं विचलन 13 च्या आसपास येतं. 38 चं वर्गमूळ 6.16, म्हणून गुणोत्तर 2.1. तिथे खेळाडूंच्या पगारावर आयपीएलसारखी एकच समान मर्यादा नाही, आणि ते आकड्यात दिसतं. पण सगळं श्रेय पर्सला देऊ नका. 20 षटकांचा सामना मुळातच लहरी असतो. एका षटकात 24 धावा निघाल्या की कागदावरचा फरक पुसला जातो. 14 सामने ही संख्याही फार छोटी आहे.

आता पर्स प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू, कारण खरी गंमत तपशिलात आहे. 2025 च्या मोसमाआधीचा मोठा लिलाव 24 आणि 25 नोव्हेंबर 2024 ला जेद्दाहला झाला. पर्स होती 120 कोटी. संघ 18 ते 25 खेळाडूंचा, त्यात परदेशी जास्तीत जास्त 8. आधीच्या संघातले 6 खेळाडू रिटेन करून (लिलावाआधीच ठेवून घेऊन) किंवा राइट टू मॅच कार्ड वापरून (लिलावात दुसऱ्याने लावलेल्या बोलीइतकी रक्कम देऊन) राखता येत होते. रिटेन केलेल्यांसाठी पर्समधून कापायचे स्लॅब ठरलेले होते: पहिल्याला 18 कोटी, दुसऱ्याला 14, तिसऱ्याला 11, चौथ्याला परत 18 आणि पाचव्याला 14. अनकॅप्ड, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या, खेळाडूला 4 कोटी. चौथ्यापासून आकडा परत चढतो तो मुद्दाम. जास्त ओळखीचे चेहरे ठेवायचे असतील तर त्याची किंमत लागली पाहिजे, हा त्यामागचा हेतू.

ती किंमत कशी लागते पाहा. मुंबईने बुमराह 18, हार्दिक आणि सूर्यकुमार 16.35, रोहित 16.30 आणि तिलक वर्मा 8 कोटींना ठेवले. बेरीज बरोबर 75, म्हणजे पाच स्लॅबांच्या बेरजेइतकीच, फक्त वाटणी वेगळी. उरले 45 कोटी, आणि त्यात किमान 13 खेळाडू घ्यायचे होते. 25 चा पूर्ण संघ करायचा तर सरासरी सव्वादोन कोटी एका माणसामागे. राजस्थानने सहाच्या सहा रिटेन केले, 79 कोटी संपले. याउलट पंजाबने फक्त दोन अनकॅप्ड मिळून 9.5 कोटींना ठेवले आणि 110.5 कोटी घेऊन लिलावात बसले. श्रेयस अय्यर 26.75 कोटींना, अर्शदीप आणि चहल 18-18 कोटींना. 2024 मध्ये नववा असलेला पंजाब 2025 च्या साखळीत पहिला आला आणि अंतिम सामन्यापर्यंत गेला. राजस्थान नववं, चेन्नई दहावी. लिलावाने पत्ते फेटले ते असे. तक्ता सपाट होतो म्हणतात त्याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

कोलकात्याची गोष्ट उलटी आणि प्रेक्षकांच्या दृष्टीने जास्त बोलकी आहे. 2024 चा विजेता संघ. सहा जण रिटेन केले, पण चषक जिंकून देणारा कर्णधार श्रेयस सुटला. मग व्यंकटेश अय्यरला परत आणायला 23.75 कोटी मोजले, आणि पर्सचा मोठा लचका तिथेच गेला. पुढच्या मोसमात संघ आठवा. मोठा लिलाव आला की विजेत्या संघाची मोट नियमाने वर्षाच्या आत सुटते. समतोलाच्या हिशेबात हे यश आहे. जर्सी विकत घेतलेल्या पोराला मात्र तो तोटा वाटतो, आणि दोघंही बरोबर आहेत.

राइट टू मॅचमध्येही त्या वर्षी एक मेख होती. जुन्या संघाने कार्ड दाखवलं की सर्वांत वरची बोली लावणाऱ्याला आकडा एकदाच, हवा तेवढा वाढवता येत होता. ऋषभ पंतवर लखनौची बोली 20.75 कोटींवर थांबली, दिल्लीने कार्ड काढलं, लखनौने थेट 27 कोटी सांगितले, दिल्लीने हात वर केले. सव्वासहा कोटींची ही उडी कुणाच्या बोलीमुळे लागलेली नाही. कार्ड निकामी करण्याची ती किंमत. पंतवर गेलेल्या 27 कोटींनंतर 120 पैकी 93 कोटींतच बाकी सगळा संघ उभा करायचा होता. नियम लिहिणाऱ्याने पळवाट बुजवली की ताण दुसऱ्या टोकाला जातो, हे इथे नेहमीचंच.

मग 13 विजेतेपदं तिघांकडे का? पहिलं कारण जुनं आहे. 2011 च्या लिलावाआधी 90 लाख डॉलरच्या पर्समधले 45 लाख डॉलर कापून चार खेळाडू ठेवता येत होते. मुंबईने सचिन, हरभजन, पोलार्ड, मलिंगा ठेवले. चेन्नईने धोनी, रैना, विजय, मॉर्केल. ज्यांचं पहिल्या तीन वर्षांत जमलं त्यांना गाभा टिकवायची मुभा मिळाली, आणि ज्यांचं जमलं नाही ते दर लिलावाला नव्याने संसार मांडत राहिले. देशांतर्गत अनकॅप्ड खेळाडू तर 2014 पर्यंत लिलावात नव्हतेच. त्यांना ठरलेल्या रकमेवर थेट करारबद्ध केलं जाई. अशा वेळी मैदानोमैदानी माणसं फिरवणारा संघ पुढे जाणार हे ठरलेलं.

दुसरं कारण, आणि माझ्या मते खरं, म्हणजे पर्सबाहेरचा खर्च. स्काउट, प्रशिक्षक, व्हिडिओ विश्लेषक, फिजिओ, वर्षभराचं सराव मैदान, यातलं काहीही त्या 120 कोटींत मोजलं जात नाही. मुंबई इंडियन्सचा सराव घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कच्या मैदानावर चालतो, राजस्थानने नागपूरजवळ तळेगावला अकादमी उभारली. यावर कितीही खर्च करा, कॅप (खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा) शिवत नाही. त्याचा परतावा मात्र पर्समध्येच दिसतो. हार्दिक पांड्या 2015 मध्ये 10 लाखांच्या बेस प्राइसला मुंबईत आला. सूर्यकुमार 2018 मध्ये 3.2 कोटींना, तिलक वर्मा 2022 मध्ये 1.7 कोटींना. तिघांनाही 2025 आधी मिळून 40 कोटींहून जास्त देऊन ठेवावं लागलं, यावरून आधीची काही वर्षं ते किती स्वस्तात खेळत होते याचा अंदाज करा. कॅप असलेल्या लीगमध्ये जिंकणारा संघ तोच, ज्याच्याकडे दिलेल्या पैशापेक्षा जास्त दर्जाचे चार-पाच खेळाडू असतात. महागडे तारे सगळ्यांनाच परवडतात. स्वस्तातला भावी तारा ओळखणं पर्सने विकत मिळत नाही.

तिसरी फट ट्रेडची, म्हणजे लिलावाबाहेर संघांनी आपसात खेळाडू देण्याघेण्याची. नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक गुजरातहून मुंबईत परतला. त्याच्या 15 कोटींच्या पगाराला पर्समध्ये जागा करायला मुंबईने कॅमरून ग्रीनला बंगळुरूला दिलं. पगार पर्समध्ये धरला जातो, पण दोन फ्रँचायझींनी आपसात ठरवलेली बदलीची रक्कम पर्समधून कापली जात नाही आणि जाहीरही होत नाही. म्हणजे खिसा मोठा असण्याचा फायदा इथे परत आत येतो. माझ्या मते आयपीएलच्या नियमांतलं सर्वांत मोठं भोक हेच आहे, आणि ते बुजवणं सर्वांत सोपं आहे: रक्कम जाहीर करा, तिचा काही हिस्सा पर्समध्ये धरा.

नवी मुंबईकरांना जवळची लीग म्हणजे महिलांची. डब्ल्यूपीएलचा 2023 चा पहिला मोसम डी. वाय. पाटील आणि ब्रेबॉर्नवरच झाला. पाच संघ, सुरुवातीची पर्स 12 कोटी, 2025 पर्यंत 15 कोटी. 2026 च्या मोठ्या लिलावाआधी पाच खेळाडू ठेवायचे स्लॅब असे: 3.5, 2.5, 1.75, 1 आणि 0.5 कोटी. बेरीज 9.25, उरतात 5.75. मुंबईने पाचही जागा वापरल्या आणि उरलेल्यातले 3 कोटी अमेलिया कर परत मिळवण्यावर खर्च केले. म्हणजे बाकी अख्खा संघ 2.75 कोटींत. पाचच संघ, त्यात भारतीय महिला क्रिकेटपटूंची दुसरी फळी अजून भरत असलेली, त्यामुळे इथे पहिल्या चार-पाच खेळाडूंचं वजन पुरुषांच्या लीगपेक्षा कितीतरी जास्त. दिल्ली पहिल्या तिन्ही मोसमांत साखळीत पहिली आली आणि तिन्ही अंतिम सामने हरली. दोन मुंबईकडून, एक बंगळुरूकडून. छोट्या लीगमध्ये गाभा टिकवू दिला की वरचे संघ वरच राहतात. प्रेक्षकांना ओळखीचे चेहरे मिळतात हा त्याचा फायदा, आणि नव्या लीगला सुरुवातीला तोच जास्त लागतो.

कबड्डीबद्दल ठाणेकरांना सांगायला नको, पण आकडे पाहा. प्रो कबड्डीत 12 मोसमांत 8 वेगवेगळे विजेते. 5 कोटींच्या आसपासची पर्स, त्यात पवन सेहरावतसारख्यावर 2.605 कोटी गेले तर अर्ध्याहून जास्त पैसा एका रेडरवर. तो जखमी झाला की मोसम संपला. म्हणून विजेता फिरत राहतो. समतोल उत्तम. आणि तरी 2025 चा मोसम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत झाला. यू मुंबाचा ठाण्यातला चाहता घरच्या मैदानावर एकही सामना बघू शकला नाही. लीगचा प्रवासखर्च आणि मैदानभाडं वाचलं, टीव्हीवर काही फरक पडला नाही. समतोल आणि प्रेक्षकाचं भलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला हे एवढं उदाहरण पुरे.

परदेशात काय करतात ते थोडक्यात, कारण प्रत्येक जण वेगळी चूक करतो. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये 1994 पासून कडक कॅप आहे, 2025 मध्ये प्रत्येक संघाला 27.92 कोटी डॉलर. करारावेळची बोनसची रक्कम पाच वर्षांपर्यंत पसरवता येते. त्यामुळे आज खेळाडू घ्या, कॅपचा भार पुढे ढकला. आणि तो खेळाडू मध्येच सोडला तर उरलेला सगळा भार अंगावर येतो, खेळाडू मात्र संघात नसतो. बास्केटबॉलच्या एनबीएची कॅप मऊ आहे, ओलांडता येते, पण वर कर लागतो. 2023 च्या करारापासून त्यावर दुसरी रेषा आखली गेली. ती ओलांडणाऱ्या संघाला पैसे तर द्यावे लागतातच, शिवाय अनेक खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेड करता येत नाही. श्रीमंत मालक कर भरून मोकळा होतो, हात बांधले की मात्र तो थांबतो. 2019 ते 2025 सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले, आणि 2024 च्या विजेत्या बोस्टनला पुढच्याच उन्हाळ्यात या रेषेखाली यायला दोन महत्त्वाचे खेळाडू सोडावे लागले. बेसबॉलमध्ये नुसता कर आहे, हात बांधलेले नाहीत. शोहेइ ओहतानी या खेळाडूच्या 70 कोटी डॉलरच्या करारातले 68 कोटी पुढे ढकलणाऱ्या डॉजर्स संघाने 2024 आणि 2025 दोन्ही जिंकले.

प्रीमियर लीगची तऱ्हाच न्यारी. तिथला नियम पगारावर नव्हता, तोट्यावर होता: तीन वर्षांत जास्तीत जास्त 10.5 कोटी पौंड. एव्हर्टनचे 2023-24 मध्ये दोनदा मिळून 8 गुण कापले गेले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4. पण हिशेबाची गंमत पाहा. 10 कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वर्षाला 2 कोटी खर्च दिसतो, आठ वर्षांवर घेतला तर सव्वा कोटी. चेल्सी क्लबने तेच केलं, मग पसरवण्याची मुदत पाच वर्षांवर आणावी लागली. आणि अकादमीत वाढलेला खेळाडू विकला की त्याची खरेदी किंमत शून्य असल्याने आलेला सगळा पैसा नफ्यात धरला जातो. म्हणजे वह्या जुळवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लहानपणापासून क्लबात असलेल्या, प्रेक्षकांच्या लाडक्या पोराला विकणं. चेल्सीचा कॉनर गॅलघर 2024 मध्ये असाच गेला. तोटा रोखायचा नियम स्थानिक पोरांच्या मुळावर येईल असं लिहिताना कुणाच्या मनात नसावं. 2026-27 पासून तिथे संघावरचा खर्च उत्पन्नाच्या 85 टक्क्यांत ठेवायचा नियम ठरला आहे. त्याने तोटे कमी होतील, पण ज्याचं उत्पन्न मोठं त्याची मर्यादाही मोठी. समतोलासाठी तो केलेलाच नाही.

आता तुमच्या खिशाकडे येऊ. खेळाडूंचे भाव वाढले म्हणून तिकीट महागलं, हे सगळीकडे ऐकू येतं आणि ते चूक आहे. पगारावर कॅप आहे. तिकिटाचा भाव मागणी आणि खुर्च्यांच्या संख्येवर ठरतो. घरचे सामने सात, वानखेडेवर साधारण 33 हजार खुर्च्या, त्यातल्या बऱ्याच पास आणि कोट्यात. ढोबळ हिशेब करा: 2023 ते 2027 चे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले, म्हणजे वर्षाला 9,678 कोटी. साधारण निम्मे संघांकडे, दहा संघांत वाटून प्रत्येकी 480 कोटींच्या पुढे. 2025 मध्ये पर्स, मॅच फी आणि कामगिरीची रक्कम मिळून खेळाडूंवरची एकूण मर्यादा 146 कोटी होती. म्हणजे नुसत्या टीव्हीच्या पैशाचा तिसरा हिस्साही नाही. एनएफएलमध्ये खेळाडूंना लीगच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे 48 टक्के वाटा करारानेच ठरलेला आहे. कॅपमुळे वाचलेला पैसा तिकिटात उतरत नाही, तो फ्रँचायझीच्या किमतीत साठतो. 2008 मध्ये 11.19 कोटी डॉलरला गेलेली मुंबई सर्वांत महागडी होती. 2021 मध्ये लखनौ 7,090 कोटी रुपयांना गेली. वर करही आहेच: 22 सप्टेंबर 2025 पासून आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला, 1,000 चं तिकीट 1,280 ऐवजी 1,400 ला.

आणि लीगचं उत्पन्नच आटलं तर कॅप काही वाचवू शकत नाही. मुंबई सिटी एफसीने आयएसएल या फुटबॉल लीगचे सुरुवातीचे घरचे सामने नेरुळला खेळले होते. त्या लीगमध्येही पगाराची मर्यादा होती, तरी व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्यावर 2025-26 चा मोसम महिनोन्‌महिने रखडला.

प्रेक्षकासाठी वेगळा नियम करता येतो का? येतो. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांच्या तिकिटावर 2016-17 पासून 30 पौंडांची मर्यादा आहे. जर्मनीत क्लबच्या मतदानात सभासदांचं पारडं जड ठेवणारा 50 अधिक 1 चा नियम आहे. बायर्न म्युनिक क्लबने 2013 ते 2023 सलग 11 विजेतेपदं घेतली तरी उभं राहून बघायची स्वस्त जागा तिथे टिकून आहे. म्हणजे तिथे समतोल नाही, पण प्रेक्षक आहे. आपल्याकडे नेमकं उलट.

आपल्याकडे काय मागता येईल? डब्ल्यूपीएलने पहिल्याच वर्षी 100 आणि 400 रुपयांची तिकिटं आणि महिला-मुलींना मोफत प्रवेश ठेवून दाखवला, तेव्हा अशक्य काही नाही. माझ्या यादीत तीन गोष्टी आहेत. प्रत्येक सामन्याआधी प्रत्यक्ष विक्रीला किती तिकिटं आहेत आणि किती कोट्यात, हा आकडा जाहीर व्हावा. एकूण खुर्च्यांचा ठरावीक हिस्सा सर्वांत खालच्या दरात राखून तो फ्रँचायझीच्या करारातच लिहावा. आणि ज्या लीगमध्ये संघाच्या नावात शहर आहे, तिथे त्या शहराच्या परिसरात मोसमाला किमान ठरावीक सामने सक्तीचे असावेत. पहिलीला पैसे लागत नाहीत, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी.